बातम्यांआधीची धून

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बायका मला विचारतात, "तुमच्या माहेरी संगीताचं वातावरण होतं ना?" मला हसू येतं. वातावरण कसलं डोंबलाचं, घरात बँड होता. दारामागच्या खुंटीला लाल कोट, कोटाच्या खांद्यांवर पिवळी झालर आणि झालरीत कुठल्या तरी वरातीतला गुलाल. तो कोट धुवायचं काम माझ्याकडे असे. त्याचा रंग इतका जाई की लग्नसराईभर माझे हात मेंदी लावल्यासारखे दिसत. मैत्रिणी विचारत, "कुणाचं लग्न गं?" मी म्हणे, "सगळ्यांचं."

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. नगरच्या एका बँड कंपनीत ते सॅक्सोफोन वाजवत. घरात त्याला सॅक्सोफोन कुणी म्हणत नसे, नुसतं बाजा म्हणत. वाकडी मान, अंगभर चाव्या आणि जागोजागी काळं पडलेलं पितळ. बँडमध्ये ट्रंपेटवाल्याचा तोरा असतो, ढोलवाल्याभोवती नाचणाऱ्यांचा गराडा असतो, सॅक्सोफोनकडे कुणी ढुंकून बघत नाही. आण्णांचं म्हणणं असं की तो थांबला की मग वरातीतली माणसं मागे वळून बघतात, काय कमी झालं म्हणून. मी कधी कुणाला वळून बघताना पाहिलं नाही, पण त्यांच्या तोंडावर असं कोण बोलणार.

घरात आम्ही चौघंच. आण्णा, आई, माझी मोठी बहीण आक्का आणि मी. आण्णांचा कान आक्काने उचलला होता. मी आईवर गेले होते, आणि आईला भजन कुठलं आणि आरती कुठली हे प्रसाद वाटायला लागले की कळायचं.

घरासमोर एका शिंप्याचं दुकान होतं. दुपारची कामं उरकली की आम्ही दोघी बहिणी तिथं काज-बटणाला बसायचो. दुकानात लाकडी फळीवर रेडिओ होता आणि त्या रेडिओवर संध्याकाळी सातच्या बातम्या ऐकायला अर्धी गल्ली पायरीवर येऊन टेकायची. आधीचा कार्यक्रम लवकर संपला तर उरलेला वेळ भरायला रेडिओवाले नुसत्या वाद्यांची रेकॉर्ड लावत. तिचं नाव सांगत नसत, कुणी वाजवलंय तेही सांगत नसत. सात वाजले की ती खटकन तोडत आणि बातम्या देणाऱ्या बाई सुरू होत. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण ते कुणी ऐकतच नसे.

एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. एका संध्याकाळी आक्काची सुई कापडातच थांबली. "हा आपल्या आण्णांचा बाजा हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आण्णांचा असा कुठं वाजतोय?"

ते खरंच होतं. वरातीत ढोल-ताशाच्या वर आवाज काढायचा म्हणून आण्णा गाल फुगवून, मानेच्या शिरा ताणून फुंकत. हा रेडिओतला माणूस मात्र रस्त्याने एकटाच चालता चालता स्वतःशी बोलावं तसं वाजवत होता. मागे ढोल होता, पण अंगण झाडल्यासारखा हलका. गाणं नव्हतं, शब्द नव्हते, कुठल्या सिनेमातलं असावं तर तसंही वाटत नव्हतं. परदेशातलं काहीतरी. आक्का कान टवकारून बसली आणि बरोबर रंगात आलं तेव्हा बाईंनी बातम्या सुरू केल्या. त्या दिवशी आक्काने त्या बाईंबद्दल जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही.

घरी येऊन तिने आण्णांना ती धून गुणगुणून दाखवली. आण्णा भाकरी खात होते. त्यांनी हात धुतला आणि म्हणाले, "परत म्हन." दुसऱ्या दिवशी सातला ते स्वतः शिंप्याच्या दारात येऊन उभे राहिले. धून काही लागली नाही, नुसत्या बातम्याच झाल्या. मग आठवडाभर रोज उभे राहिले आणि एकदाची लागली तेव्हा तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. संपल्यावर, म्हणजे तोडल्यावर, म्हणाले, "हा गडी फुंकत न्हाई. बोलतोय."

त्यानंतर आमच्या घराला एक वेडच लागलं. ती धून कधी लागे, कधी आठ-आठ दिवस लागत नसे. लागली तरी कधी सुरुवातीचंच चिमूटभर मिळे, कधी थोडं पुढचं. ज्या दिवशी पुढचं एखादं वळण कानावर पडे त्या दिवशी आक्का ते ओठांवर धरून, कुणाशी न बोलता, रस्ता ओलांडून घरात येई. मधे कुणी हाक मारली तर हाताने गप्प बस म्हणे. एकदा शेजारणीने तिला काहीतरी विचारलं, आक्का गेली तशीच निघून, तर त्या बाईने महिनाभर अबोला धरला. आण्णा घरात बाजा घेऊन तयार बसलेले असत. ती गुणगुणे, ते वाजवत, ती मान हलवे. "आसं न्हाई आण्णा, हितं जरा मागं वढलंय त्यानं." ते पुन्हा वाजवत. आण्णांना कुणी चूक दाखवली तर ते बाजा खाली ठेवून भांडायला उठत. आक्काचं मात्र निमूट ऐकत. ती दोघं तशी बसलेली असली की मला कधीकधी हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

अशी ती धून जमली आणि पुढच्या लग्नसराईत आण्णांनी ती वरातीत वाजवली. काय झालं कोण जाणे, लोकांनी ती डोक्यावर घेतली. रेडिओवर इतक्यांदा ऐकूनही कुणाला न कळलेली धून रस्त्यावर आल्यावर सगळ्यांना ओळखीची वाटली. राहुरीकडची उसाची बागाईतदार मंडळी सुपारी द्यायला आली की आधी विचारत, "ते बातम्यांआधीचं येतं का तुमच्याकं?" तेच तिचं नाव पडलं. नगरातल्या बाकीच्या बँडवाल्यांनीही ती आण्णांवरून उचलली आणि गल्लीतली पोरं साबण लावता लावता ती शिट्टीवर वाजवायला लागली. एका लग्नात एका म्हाताऱ्या पाटलांनी मात्र आण्णांना थांबवून विचारलं होतं, "धून लई ग्वाड हाय, पर ह्याला शब्द कुटं ठिवलेत?"

शब्दांचं जाऊ द्या, तिला शेवटच नव्हता. म्हणजे असणार होता, पण आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. रेडिओवाल्यांनी ती कधी पुरी होऊच दिली नाही.

बँडवाल्यांच्यात एक रीत असते. घेतलेली धून पुरी केल्याशिवाय वाद्य तोंडातून काढायचं नाही. घोडा बिथरो, पाऊस येवो, मंडपाला आग लागो, धून अर्धी सोडायची नाही, तो त्या लग्नाला अपशकुन. मग ज्या धुनीचा शेवट येत नाही तिचं काय करायचं? तर तिला जोड द्यायची. म्हणजे न थांबता अलगद दुसऱ्या ओळखीच्या गाण्यावर उतरायचं आणि ते गाणं पुरं करायचं. वरातीत हे चालतं, नाचणाऱ्यांना कळतही नाही. आण्णा बातम्यांआधीच्या धुनीला अशी सफाईने जोड द्यायचे की मलाही सांधा सापडत नसे.

फक्त पाठवणीला जोड चालत नाही. नवरी सासरी निघते तेव्हा एकच धून वाजवायची, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत. जोड दिलेली पाठवणी म्हणजे नवऱ्याचं दुसरं लग्न, असं आमच्यातली जुनी माणसं म्हणायची. हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे, पण आण्णांनी उभ्या आयुष्यात ही रीत कधी मोडली नव्हती. आणि बँडवाल्याच्या मुलीची पाठवणी बापाच्याच वाद्यावर व्हायची, ही दुसरी रीत.

आक्काचं लग्न ठरलं ते पाथर्डीकडच्या तिसगावला. मुलगा तिथल्या गावच्या बँडमध्ये ताशा वाजवायचा, थोडी कोरडवाहू जमीन होती, स्वभावाने बरा होता. सुपारी फुटली त्या दिवशीच आक्काने आण्णांना सांगून टाकलं, "माज्या पाठवणीला आपली धून वाजवायची."

आण्णा म्हणाले, "शेवट सापडला की वाजवतो."

मग आण्णा शेवटाच्या मागे लागले. बाजारातल्या रेकॉर्डच्या दुकानात गेले. दुकानदाराने नाव विचारलं, तर नाव माहीत नाही. आण्णांनी तिथंच बाजा काढून धून वाजवून दाखवली. गर्दी जमली, लोकांनी वाहवा केली, दुकानदार म्हणाला, "आमच्याकडं अभंग हायेत, सिनेमाची गानी हायेत. हे विंग्रजी पुन्यात बगा." बँड पुण्याला एका लग्नाला गेला तेव्हा आण्णा वरात उरकल्यावर तिथल्या दुकानांतून फिरले. त्यांना भलत्याच रेकॉर्डी ऐकवल्या गेल्या आणि ते हात हलवत परत आले. इकडे मी आणि आक्का सातला शिंप्याकडे कान लावून होतोच. रेडिओवालेही मोठे वस्ताद. थोडं थोडं पुढचं ऐकवत आणि तोडत.

"तुमीच बनवा की शेवट," आक्का एकदा म्हणाली. "मला चालंल."

"तुला चालंल गं. त्या धुनीला चालाया हवं."

तरी त्यांनी करून पाहिलं. बँडच्या खोलीत दुपारी बसून ते निरनिराळे शेवट लावून बघत. डबा घेऊन गेलेल्या आक्काला त्यातला एक फार आवडला होता. ती म्हणाली, "झालं की आण्णा, ह्योच असंल." पण कंपनीचे म्हातारे मास्तर तिथंच पडलेले होते, ते डोळे न उघडता म्हणाले, "ठिगळ दिसतंय." आण्णांना तेवढं पुरलं. त्या शब्दाचा मला अजून राग येतो. माणूस पडल्या पडल्या एक शब्द बोलून जातो आणि दुसऱ्याच्या घरात तो वर्षानुवर्षं राहतो.

लग्न वैशाखात झालं. आण्णांच्या जोडीदारांनी वाजवायचं काही घेतलं नाही, उलट कोट इस्त्री करून आले. कन्यादानाला आण्णा धोतर-फेट्यात बसले होते. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी फेट्यावरच बाजा गळ्यात अडकवला आणि जीपच्या पुढे येऊन उभे राहिले. आक्का जीपमध्ये बसली होती, मी तिच्याशेजारी उभी होते. तिने माझा हात धरला होता. आण्णांनी बाजा तोंडाला लावला आणि सगळे बँडवाले वाजवतात तीच पाठवणीची जुनी धून सुरू केली. बायका रडायला लागल्या. आक्का आधी रडली नाही. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "न्हाई ना सापडला?"

मी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. सापडला की म्हनावं जपून ठिवा. मी आले की ऐकीन."

आण्णांनी धून पुरी केली, बाजा खाली घेतला आणि मग जीप हलली. त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. माझ्या बहिणीला जे हवं होतं तेवढं सोडून सगळं केलं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. बाहत्तरचा दुष्काळ म्हणून लोक अजून सांगतात तो हाच. लग्नं मुकाट्याने, बिनवरातीची व्हायला लागली आणि बँडवाले खडी फोडायला रोजगार हमीसारख्या सरकारी कामांवर गेले. आण्णाही गेले. संध्याकाळी घरी आले की बोटं कोमट पाण्यात घालून बसायचे आणि मग चाव्यांवरून नुसतीच फिरवून बघायचे, वाजवायचे नाहीत.

पहिल्या दिवाळसणाला आक्का आली. वाळली होती आणि तिला दिवस गेले होते. घरात शिरल्यावर तिने पहिल्यांदा माठाचं झाकण उचलून आत बघितलं. तिकडे पाणी कुठून आणावं लागतं ते आईने विचारलं, तर म्हणाली, "मिळतंय की." संध्याकाळी सात वाजता मात्र ती शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. आणि नशीब बघा, त्या दिवशी ती धून लागली आणि नेहमीपेक्षा लांब चालली. आम्ही कधी न ऐकलेला एक तुकडा आला. सूर एकदम वर चढून पुन्हा सावकाश खाली आला आणि तिथं बाई बोलल्या. आक्का पोट सावरत, ओठ मिटून, पूर्वीसारखी रस्ता ओलांडून आली. आण्णांनी बाजा काढला. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच तोंडाला लावला होता. दोघांनी तो तुकडा बसवला. आई चुलीपाशी बसून डोळे पुसत होती आणि धुरावर ढकलत होती.

ती निघताना आण्णा म्हणाले, "बाळंतपनाला येशील तवर सापडंल. आन न्हाई सापडला तरी बारशाला वाजवतो. जोड देऊन वाजवतो. बारशाला चालतंय."

"बगा हं आण्णा," ती म्हणाली. "आता बोललाय."

उन्हाळ्यात, ती यायच्या आधीच, तिसगावहून निरोप आला की आक्काला कावीळ झाली आहे. आम्ही तिघं मिळेल त्या गाडीने गेलो. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. गावातल्या कुणीतरी दिलेलं झाडपाल्याचं औषध चालू होतं. तिच्या नवऱ्याने बैलगाडी केली, मग ट्रकवाल्याच्या पाया पडून ट्रक थांबवला आणि आम्ही तिला नगरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते केलं. दोन दिवसांनी दुपारी ती गेली, पोटातल्या बाळासकट. शुद्धीत होती तेव्हा पाणी मागत होती, बाकी काही बोलली नाही. शेवटी ती काहीतरी बोलली असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ती बोलली नाही.

आण्णा रडले नाहीत. पुढची लग्नसराई आली, पाऊस झाला होता, वराती पुन्हा निघाल्या आणि आण्णा पोटासाठी लाल कोट घालून वाजवायला जाऊ लागले. पण ती धून त्यांनी बंद केली. लोक म्हणत, "बातम्यांआधीचं होऊ द्या." आण्णा म्हणत, "मला येत न्हाई." ज्यांनी सगळ्या नगरला ती धून शिकवली ते म्हणत, मला येत नाही. मग बाकीचे बँडवाले ती वाजवत आणि आण्णा बाजा खाली धरून रस्त्याच्या कडेने चालत.

त्याच सराईत आक्काच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं. आई संतापली. आण्णा म्हणाले, "त्याचं काय चुकलं? घरात करनारं कोन हाय त्याच्या?" मग म्हणाले, "जोड दिली असती तरी हेच झालं असतं. न दिऊन काय मिळवलं?"

मी तोवर ब्लाउज आणि झगे शिवायला लागले होते. लष्कराच्या कॅम्पाच्या बाजूला मूळच्या गोव्याच्या एक बाई राहायच्या. शाळेत मुलांना गाणं शिकवायच्या. त्यांच्या झग्याचं माप घ्यायला गेले होते, तर आतल्या खोलीत रेकॉर्ड चालू होती, आणि टेप त्यांच्या कमरेभोवती असताना मला ती धून ऐकू आली. पहिले सूर ऐकले आणि मी टेप सोडून दिली. बाईंनी विचारलं, काय झालं? मला नीट सांगताही येईना. मी एवढंच म्हटलं, "बाई, ती थांबवा. पुढची ऐकू नका. मी माझ्या वडिलांना घेऊन येते."

त्यांना मी वेडी वाटले असणार, पण त्यांनी सुई उचलली. ही रेकॉर्ड त्यांच्या भावाने मुंबईहून पाठवली होती. त्या म्हणाल्या, परदेशात ही धून एवढी खपली की तिने गाण्यांना मागे टाकलं. आमच्या नगरात तिचं काय झालं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आण्णांना तयार करायला मला चार दिवस लागले. आधी ते म्हणाले, "आता काय करू ऐकून?" मग एका रविवारी सकाळी आपणहून आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दारात उभे राहिले. बाईंच्या घरी चपला बाहेर काढून ते जमिनीवर बसायला लागले. बाईंनी हाताला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि रेकॉर्ड लावली.

आमची सगळी धून ओळीने आली. आक्काने पहिल्या दिवशी आणलेली, मग नंतर आणलेली वळणं, मग दिवाळीतला तो चढून उतरणारा तुकडा. तिथून पुढे आम्ही कधी न ऐकलेलं सुरू झालं. आण्णांची बोटं गुडघ्यावर हलत होती. मग तो वाजवणारा पुन्हा पहिल्या ओळीवर आला, तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. आणि आवाज कमी व्हायला लागला.

आण्णा पुढे वाकले. "बाई, आवाज वाढवा."

"तो तसाच आहे," बाई म्हणाल्या. "रेकॉर्ड करतानाच त्यांनी कमी करत नेलाय."

खरखर तेवढी उरली. आण्णा त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होते. "म्हंजी त्यो थांबला न्हाई?"

"नाही. तो वाजवतोच आहे. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच."

"शेवट न्हाईच ह्याला?"

"नाही."

त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितली आणि पुन्हा शेवटपर्यंत ऐकली. मग बाईंना हात जोडले आणि आम्ही निघालो. कॅम्पातल्या मोठ्या झाडांखालून येताना ते एकाएकी थांबले. तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि डोक्यावरची टोपी तोंडाला लावून रडायला लागले. आक्का गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते. मी शेजारी उभी राहिले.

"पाठवनीचीच धून हुती गं ती," ते म्हणाले. "गाडी दिसंनाशी होईस्तवर वाजवत ऱ्हायाची. शेवट कशाला लागतोय? पोरगी नजरंआड झाली की झालं. आन मी शेवट शोधीत बसलो."

मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक आण्णा."

"तिला ठाऊक हुतं. ती म्हनाली हुती, तसंच वाजवा."

आक्का असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, शेवट तुम्ही बनवा. पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. मला देवळाली प्रवरेला दिलं होतं. आण्णांनी आदल्या दिवशी मला विचारलं, "तुला ती वाजवू का?" मी नको म्हटलं. म्हटलं, ती आक्काची आहे. त्यांनी मान हलवली आणि मला वाटलं, त्यांना जरा बरं वाटलं.

पाठवणीला ते फेट्यावरच बाजा गळ्यात अडकवून जीपपुढे उभे राहिले आणि नेहमीची जुनी धून वाजवली. नीट पुरी केली, बाजा खाली घेतला. मी आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं. जीप निघाली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून ती धून सुरू झाली. ती जोड नव्हती. मधे त्यांनी बाजा खाली ठेवला होता, चांगला मोकळा श्वास घेतला होता. मी मागे वळून बघितलं. आण्णा चौकात उभे होते, पण आमच्या जीपकडे त्यांची पाठ होती. ते पाथर्डी-तिसगावकडे जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून वाजवत होते. ढोल नाही, ताशा नाही. गाल न फुगवता, बोलल्यासारखं.

नवऱ्याने विचारलं, "गाडी थांबवायची का?" मी नको म्हटलं. मनमाड रस्त्याला लागेपर्यंत ती ऐकू येत होती, हळूहळू कमी होत गेली आणि मग जीपचा आवाज तेवढा राहिला. त्या दिवशी आण्णा किती वेळ वाजवत होते ते मी पुढे आईला विचारलं. तिलाही ते सांगता आलं नाही. ती म्हणाली, तिला तिथं उभं राहवेना म्हणून ती आत निघून गेली होती.